लग्न ‘टू’, भांडण ‘विथ’

महाप्याच्या आमच्या ऑफिसात मी चोवीस वर्षं हिशेब लिहिते आहे. ‘वुई वॉन्ट टू डिस्कस अबाऊट द पेंडिंग बिल्स’ हे वाक्य या काळात किती पार्ट्यांना पाठवलं असेल, त्याची मोजदाद नाही. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. आठवडाभर गप्प होती. मग एकदा माझ्या खुर्चीमागून जाता जाता थबकली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, डिस्कसच्या पुढे अबाऊट येत नाही.”

“मग काय येतं?”

“काहीच नाही.”

म्हणजे तो अबाऊट इतकी वर्षं कामाला हात न लावता पगार खात होता. आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत! मी रिक्षाच्या बिलातले जादाचे दहा रुपये शोधून काढणारी बाई. त्या दिवशी जेवण गेलं नाही म्हणणार नाही, पण डबा खाताना लक्ष नव्हतं.

मी मराठी शाळेतली. पहिलीपासून इंग्रजी हे २००० साली आलं. आमच्या वेळी ती पाचवीत भेटायची. आमच्या बाई डस्टर टेबलावर ठेवून म्हणायच्या ‘ऑन’, खणात टाकून म्हणायच्या ‘इन’, आणि ‘अंडर’साठी पदर सावरत स्वतः वाकून ते टेबलाखाली ठेवायच्या. उठताना एक हात कमरेवर आणि पदराला खडूचा पांढरा पट्टा. तिथवर सगळं चोख होतं. आजही कुठलंही डस्टर कुठेही ठेवा, मी चुकायची नाही. घोटाळा सुरू होतो तो डस्टर संपून माणसं सुरू झाली की.

कारण आपण मराठीत सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. राग कुणावर, प्रेम कुणावर, विश्वास कुणावर, उपकारसुद्धा कुणावर तरीच. मग साहेब माझ्यावर रागावले की ते माझ्या इंग्रजीत ‘अँग्री ऑन मी’ होतात. इंग्रजीत राग ‘विथ’ असतो. माणसासोबत बसून कसं काय रागवायचं, कोण जाणे. घाबरायचं ‘ऑफ’, हुशार असायचं तर ‘अ‍ॅट’. आपण गणितात हुशार असतो, म्हणजे आत शिरलेलो असतो, म्हणून मी ‘गुड इन मॅथ्स’ म्हणायची. त्यांचा हुशार माणूस गणिताच्या दारातच उभा.

लग्नाचं तर विचारूच नका. आपल्याकडे लग्न नवऱ्याशी, बोलणं नवऱ्याशी, भांडण नवऱ्याशी. एका ‘शी’वर संसार होतो. त्यामुळे ‘मॅरीड विथ’ मला अगदी बरोबर वाटायचं. पोरगी म्हणाली, “मॅडम, मॅरीड टू. आणि क्वॉरल विथ.” लग्न ‘टू’ आणि भांडण ‘विथ’. इथे मात्र इंग्रजांना काहीतरी कळलं असावं, अशी शंका येते.

रजेच्या अर्जांची फाइल माझ्याकडेच असते, म्हणून तीही चाळून पाहिली. ‘सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज.’ एक सोडून सगळ्यांचा ताप ‘सिन्स टू डेज’ किंवा ‘सिन्स थ्री डेज’. आपला ताप सोमवारपासून असतो आणि दोन दिवसांपासूनही असतो, ‘पासून’ला दोन्ही चालतं. त्यांच्याकडे सोमवारचा ‘सिन्स’ वेगळा आणि दोन दिवसांचा ‘फॉर’ वेगळा: ताप कधी सुरू झाला ते एका खात्यात, किती दिवस चालला ते दुसऱ्या खात्यात. आता हिशेबनीस बाईला दोन खाती कळायला वेळ लागत नाही. ही चूक माझी त्याच दिवशी सुटली.

खात्यांवरून आठवलं. ‘टू’ आणि ‘बाय’ हे दोन शब्द मी अकरावीतल्या बुककीपिंगच्या तासापासून लिहीत आले. खतावणीत डाव्या बाजूच्या नोंदीआधी ‘टू’, उजव्या बाजूच्या नोंदीआधी ‘बाय’. टू सेल्स, बाय रेंट. पेपर तपासताना सर नुसत्या त्या दोन शब्दांवरून नजर फिरवायचे आणि बाजू चुकली की लाल रेघ. हजारो वेळा लिहिलं असेल, पण ‘टू’ म्हणजे कुणाला आणि ‘बाय’ म्हणजे कुणाकडून, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. चुकलेही नाही.

हे त्या मुलीला सांगितलं तर ती खूश झाली. “मग तसंच शिकायचं ना! ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, असं करत बसायचं नाही. डिपेंड आला की ऑन येतो. लिसन आला की टू. वेट आला की फॉर.” ती कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकलेली. तिच्याकडून कळलं की जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. शतकानुशतकं बोलून बोलून ते झिजले आणि त्यांचं बरंच काम या बारक्या शब्दांच्या गळ्यात पडलं. त्या काळात ‘ऑन’ एकटाच ‘इन’चंही काम करायचा म्हणे. म्हणजे त्यांच्या पूर्वजांचंही आत-बाहेर माझ्याइतपतच होतं. हे ऐकून मला फारच बरं वाटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडतो. ऑफिसात मी मॅडम असते, फलाटावर पोचले की काकू. एकदा तिला आईचा फोन आला आणि ती म्हणाली, “अगं, मी आत्ता रबाळेला आहे. ठाणेला उतरले की करते फोन.”

माझ्या कानात खडा गेला. फोन ठेवू दिला आणि म्हटलं, “रबाळ्याला. ठाण्याला.”

“काय काकू?”

“ठाणेला नाही गं, ठाण्याला!”

तिला खरोखर माहीत नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि हल्ली दुकानांच्या पाट्यांवरही ‘आता ठाणेमध्ये’ असंच छापतात, पोरांनी शिकावं कुठे? मग मी तिला सांगत बसले. इंग्रजीतला हा इन-ऑनसारखा शब्द नामाच्या आधी येऊन बसतो, त्यांनी त्याला नावच ‘आधी ठेवलेलं’ या अर्थाचं दिलंय, प्रेपोझिशन. आपला मागून येऊन चिकटतो, म्हणून शब्दयोगी. आणि तो यायचा म्हटल्यावर आपलं नाम जरा सरकून जागा करून देतं. घर असेल तर घराजवळ, टेबल असेल तर टेबलाखाली. ठाण्यानेही तसंच सरकायचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली तीही ठाण्यालाच आली. एवढ्या वर्षांत ठाणेला काही कुणी आलं नाही.

“आणि मग ठाण्यात कधी म्हणायचं?” तिने विचारलं.

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. बोलून बघायला लागले. गाडी ठाण्याला थांबते. गाडी ठाण्याला बदला. मी राहते ठाण्यात. भाजी ठाण्यात स्वस्त मिळते. ठाण्यालाही राहतात म्हणा काही लोक, पण आमच्या लहानपणी ‘तो सध्या ठाण्याला असतो’ म्हटलं की समोरचा आधी मनोरुग्णालयाचं विचारायचा, म्हणून आमचे आजोबा हट्टाने ‘ठाण्यात’ म्हणायचे. तेवढ्यात ती एकदम म्हणाली, “काकू, हे अ‍ॅट आणि इन आहे! स्टॉप्स अ‍ॅट ठाणे. लिव्ह इन ठाणे. गाडीला ठाणे म्हणजे नुसता एक ठिपका, तुम्हाला आख्खं गाव.”

ऐरोली गेलं तरी आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. समोरची बाई मटार सोलत होती, तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि परत शेंगा हातात घेतल्या. मग मी तिला ‘घरी’ विचारलं. घरात नाही, घराला नाही, घरी. ती म्हणाली ‘अ‍ॅट होम’. नाक्यावर? तलावपाळीला? इथे आमचं अडलं. ती तलावपाळीवर म्हणते, मी तलावपाळीला म्हणते, आणि माझा नवरा काहीच न म्हणता ‘तलावपाळी, साडेसात’ एवढाच मेसेज टाकतो.

दिघा आलं तेव्हा विषय वाहनांवर गेला होता. बस ‘ऑन’, ट्रेन ‘ऑन’, पण टॅक्सी ‘इन’. का? तर जिथे चढून उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं ते ‘ऑन’. जिथे वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं ते ‘इन’. नियम छान आहे, पण हा नियम करणारा सकाळच्या गर्दीत आमच्या ट्रान्स हार्बर लोकलने गेलेला नसावा. चार पावलं! मी तिला म्हटलं, आपली गाडी ‘इन’च. ती म्हणाली, “दारात लटकणारे ऑन.” ते पटलं.

ठाण्याला उतरलो. जिना चढून बाहेर आलो, शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो. आमच्या पुढची रिक्षा भरली. मागे तिघं, आणि चौथा एक गृहस्थ ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या मांडीवर. एक हात मागच्या दांड्याला, बॅग पोटाशी, उजवा पाय आत आणि डावा रस्त्यावरून तरंगत. रिक्षा निघाली.

“हा बघ,” मी म्हटलं. “हा काय? इन की ऑन?”

तिने नीट बघितलं. रिक्षा वळणावर कलली, तसा तो पाय आणखी थोडा बाहेर आला. ती बराच वेळ विचार करत होती, तोवर आमची रिक्षा आली आणि मागच्या सीटवर एकच जागा शिल्लक होती.

“काकू, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मी पुढच्या रिक्षाने येते.”

“पुढच्या रिक्षाने म्हणजे? बाय?”

“बसा हो काकू!”