नमुना आठ आणि नमुना एक

सोमवारी सकाळी ग्रामसेवकांचा फोन आला. "मॅडम, बाई लेकरू घेऊन ग्रामपंचायतीत येऊन बसलीय. गावच्या तंटामुक्ती समितीवाले नवऱ्याशी समेट लिहून घेतायत." मी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखालची संरक्षण अधिकारी. हातातलं काम टाकून निघाले.

समेटाच्या कागदावर दोनच गोष्टी होत्या. नवरा यापुढे मारणार नाही, बायको तक्रार करणार नाही. नवऱ्यानं शब्द मोडला तर पुढं काय, याबद्दल अक्षर नाही. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. स्टॅम्पपेपर मोडला तर पुन्हा बैठक, पुन्हा चहा.

समितीच्या अध्यक्षांचा मुद्दा वेगळाच होता. त्यांनी नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा पुढं सरकवला. "घर सासऱ्याच्या नावावर आहे. नवऱ्याचंच नाही, तर हिचं कुठून?" चूक त्यांची एकट्याची नव्हती. २००६च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं जवळपास हेच म्हटलं होतं आणि वकीलसुद्धा बरीच वर्षं तेच सांगत होते. १५ ऑक्टोबर २०२०ला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासऱ्याचं असलं तरी सून तिथं संसार करून राहत असेल, तर ते 'सामायिक घर' ठरू शकतं. त्यानं मालकी मिळत नाही, पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. म्हणजे जो उतारा तिच्या विरोधात काढला, तोच मी अर्जाला जोडायला मागून घेतला. घर क्रमांक आणि सासऱ्याचं नाव त्यावर होतंच. रेशनकार्डावर त्याच पत्त्यावर तिचं नाव. मुलीच्या जन्मदाखल्यावरही तोच पत्ता, आणि तो दाखला तर याच कार्यालयातून निघालेला.

सासरच्यांना बाहेर बसवून घरगुती घटना अहवाल, म्हणजे नमुना एक, भरायला घेतला. प्रकरण इथंच कच्चं राहतं. 'नेहमी मारहाण करतो' असं लिहिलं की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, कधी? तारखा बायकांच्या लक्षात नसतात, सण असतात. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "गौरी उठल्या त्या रात्री". भिंतीवरची दिनदर्शिका काढून एकेक तारीख बसवली. कशानं मारलं, कुठं लागलं, कोणी पाहिलं, दवाखान्यात गेली का. आर्थिक हिंसेचा रकाना तर सर्रास कोरा सोडतात. हिची कांदालागवडीची मजुरी सासू परस्पर घ्यायची आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. ते नोंदवलं. स्त्रीधनात दागिन्यांसोबत भांडीही लिहिली, नगासकट.

मनगट सुजलं होतं, म्हणून आधी ग्रामीण रुग्णालय. अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे तिथंही सांगावं लागलं. मग अहवालाची मूळ प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, एक पोलीस ठाण्यात, एक तिच्या हातात, विनामूल्य. वकील विधी सेवा समितीकडून मोफत.

कायदा सांगतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. हा 'प्रयत्न' पुष्कळ ताणतो. म्हणून नमुना तीनमधलं प्रतिज्ञापत्र त्याच अर्जासोबत द्यायचं. त्यावर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. नोटीस दोन दिवसांत बजावायची, ते काम माझं. नवरा कामाला पुण्यात, गावचा पत्ता देऊन भागलं नसतं. तिच्या मोबाइलमधल्या एका फोटोत त्याच्या कंपनीची पाटी सापडली, तिथून पत्ता काढला.

निवासाचा आदेश मिळाला. त्यात सासूला बाहेर काढा असं नव्हतं, कारण कोणत्याही स्त्रीविरुद्ध तसा आदेश देता येत नाही. एकाच चौकटीत दोघी राहणार हे तिला आधीच समजावून सांगितलं होतं.

पोलीस सोबत घेऊन ती घरात शिरली. चूल तिथंच होती. गॅसची शेगडी आणि टाकी मात्र गायब. ग्रामसेवकांनी तिथल्या तिथं पंचनामा लिहायला घेतला आणि मी आर्थिक हिंसेच्या रकान्यासाठी नवं पान काढलं.