डेड स्टॉकमधून पुन्हा प्रॅक्टिकलकडे : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात महाविद्यालयीन प्रयोगशाळांमधील सीआरओ (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण), पॉवर सप्लाय आणि फंक्शन जनरेटर यांच्या दुरुस्तीने झाली. त्या निमित्ताने पुणे, सातारा, सांगलीकडील तंत्रनिकेतनांत जाणे होई, तेव्हा बहुतेक ठिकाणी ८०८५ मायक्रोप्रोसेसरची ट्रेनर किट (विद्यार्थ्यांना प्रोसेसर हाताळायला शिकवणारे सराव-बोर्ड) कपाटात एकावर एक रचून ठेवलेली दिसत. विषय अभ्यासक्रमात होता, किटची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत) होती, निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव पाठवण्याच्या भानगडीत कोणी पडत नव्हते आणि नव्या खरेदीला पैसा नव्हता. त्यामुळे मुले सिम्युलेटरवर प्रॅक्टिकल उरकत. ही किट चालू करून देऊ, असे आम्ही विभागप्रमुखांना सुचवले आणि हळूहळू तेच आमचे मुख्य काम झाले.

इंटेलने ८०८५ आणला १९७६ मध्ये. त्याच्या एसडीके-८५ या किटवरील सहा आकड्यांचा डिस्प्ले, हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीचा) कळफलक आणि त्या दोहोंना सांभाळणारी ८२७९ ही आयसी, अशीच मांडणी आपल्याकडच्या अनेक किटमध्येही आढळते. खुद्द प्रोसेसर सहसा खराब होत नाही, हा आमचा अनुभव आहे. घात करते ती रॅममधील (तात्पुरत्या मेमरीतील) मजकूर वीज गेल्यावरही टिकावा म्हणून बसवलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळली की आतील अल्कली सोल्डर मास्कच्या (बोर्डावरील संरक्षक थराच्या) खाली शिरते, तांब्याचे ट्रॅक हिरवे-काळे पडतात आणि शेजारच्या आयसी बेसच्या पिना खाल्ल्या जातात. अशा वेळी आम्ही प्रथम बॅटरी काढतो, डाग व्हिनेगरने निष्प्रभ करून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो आणि मग एकेक ट्रॅक मल्टिमीटरने तपासून जिथे तुटला असेल तिथे जंपर (जोड-तार) मारतो.

दुसरे दुखणे ईप्रॉमचे, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या आणि वरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या आयसीचे. खिडकीवरचे स्टिकर गळून पडलेले असेल, तर थेट उन्हात आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात काही वर्षांत त्यातील मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून किट हाती येताच मॉनिटर प्रोग्रॅम (किटचा कळफलक व डिस्प्ले चालवणारा मूळ प्रोग्रॅम) वाचून त्याची प्रत जपून ठेवणे, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. २७६४ या ईप्रॉमच्या जागी २८सी६४ ही ईईप्रॉम (विजेनेच पुसता येणारी मेमरी) बसते, फक्त २७ क्रमांकाची पिन पाच व्होल्टला जोडलेली असावी लागते. २८सी२५६ मात्र २७२५६ च्या बेसमध्ये तशीच बसवता येत नाही, कारण ए१४ ही अ‍ॅड्रेस लाइन एकीत पहिल्या पिनवर आणि दुसरीत सत्ताविसाव्या पिनवर असते.

दुरुस्तीनंतर प्राध्यापकांकडून विस्ताराची मागणी येऊ लागली. आम्ही एक्स्पान्शन कनेक्टरवर बसणारा बोर्ड तयार केला, ज्यात वाढीव रॅम आणि लॅपटॉपवरून हेक्स फाइल पाठवण्यासाठी यूएसबी-सीरियलची सोय आहे. पण शिकवणाऱ्यांना त्याहून अधिक आवडले ते एलईडीवर बस (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या ओळी) दाखवणारे सर्किट. जुन्या एनमॉस प्रकारच्या ८०८५ चे क्लॉक (कामाचा ठेका देणारा संकेत) ५०० किलोहर्ट्झच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे क्लॉकच संथ करून बस दाखवणे शक्य नसते. म्हणून आम्ही रेडी पिन खाली ओढून प्रोसेसरला वेट स्टेटमध्ये थांबवतो. बटण दाबले की एक मशीन सायकल (मेमरीशी किंवा पोर्टशी होणारी एक देवाणघेवाण) पुढे सरकते आणि अ‍ॅड्रेस, डेटा, तसेच रीड-राइटच्या ओळी दिव्यांवर वाचता येतात. वर्गात ओपकोड फेच (मेमरीतून पुढची आज्ञा आणणे) म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा याने लवकर समजते, असे आमचे मत आहे आणि विक्रेता म्हणून ते पक्षपाती आहे, हेही मान्य आहे.

सुटे भाग आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणतो. घासून नवे नाव छापलेल्या आयसी तिथेही मिळतात, त्यामुळे प्रत्येक आयसी टेस्टरवर लावल्याशिवाय वापरत नाही. कामे वर्षभर येत राहतात, बिले मात्र मार्चअखेरीसच निघतात, म्हणून भांडवल सांभाळण्यासाठी जुनी सीआरओ दुरुस्ती आम्ही बंद केलेली नाही. सध्या ८०८६ किटसाठीचा असाच विस्तार बोर्ड चाचणीत आहे.