कार्टमधलं पेन

मी उशीर केला नव्हता. हे आधी सांगून टाकते कारण शनिवारपासून जो तो मला तेच ऐकवतोय, अगं मग वेळेवर बसायचं ना. बसले होते बाबा! साडेदहापासून बसले होते, समोर लॅपटॉप, शेजारी फोन, पत्ता आधीच सेव्ह केलेला, कार्डाचे आकडे भरून ठेवलेले. फाउंटन पेनचा लिमिटेड सेल होता, गडद हिरवं पेन, प्रत्येकावर त्याचा त्याचा नंबर कोरलेला, आणि अकराला सुरू होणार म्हणून आठ दिवस मेलवर मेल येत होते, प्रत्येक मेलमध्ये ते उलटं पळणारं घड्याळ.

अकराला बटण राखाडीचं निळं झालं. दाबलं. पेन कार्टमध्ये आलं. आता कार्टमध्ये आलं म्हणजे माझं झालं ना? मी तर तेवढ्यात त्यात कुठली शाई भरायची तेही ठरवून मोकळी झाले. मग पत्ता, मग पेमेंट, मग ओटीपीची वाट बघणं (एरवी मागितला नसताना येतो, त्या दिवशी येईना), आला, टाकला, मग ते गोल गोल फिरणारं चक्र, फिरतंय फिरतंय, आणि मग लाल अक्षरात, 'ही वस्तू संपली आहे.' त्याच्या खाली एक हसरा चेहरा आणि 'थोडा उशीर झाला! पुढच्या वेळी लवकर या.'

वर कोपऱ्यात कार्टच्या चित्रावर १ हा आकडा अजून तसाच. त्या आकड्याकडे मी किती वेळ बघत बसले देव जाणे.

संपलं याचं इतकं नाही हो वाटलं. वस्तू संपतात, लिमिटेड म्हणजे कमीच असणार, ते कळतं मला. पण लवकर या? अजून किती लवकर येऊ, आदल्या रात्री अंथरूण घेऊन येऊ का? हातातोंडाशी आलेला घास काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं तू हळू जेवतेस, असला प्रकार आहे हा.

आमचा पेनवाल्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, एरवी तिथे शाईचे डाग आणि कागदाचे फोटो, फार शांत माणसं. अकरा वाजून पाच मिनिटांनी तो ग्रुप असा पेटला की विचारू नका. कोणाचं पान उघडलंच नाही, कोणाचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर नाही (ते बिचारे अजून रिफंडच्या मागे आहेत), एकाला तर ऑर्डर झाल्याचा मेल आला आणि दुपारी कॅन्सल झाल्याचा. आणि वीस मिनिटांत कोणीतरी लिंक टाकली, तेच पेन, दुसऱ्या साइटवर, तिप्पट किमतीला, डब्यातून न काढलेलं म्हणे. अरे डब्यातून काढणार कसं, अजून ते गोडाऊनमधूनसुद्धा निघालेलं नाही!

माझा भाचा असल्याच साइट बनवायचं काम करतो, त्याला फोन लावला. त्याने शांतपणे जे सांगितलं त्याने माझं डोकं अजूनच तापलं. म्हणाला मावशी, कार्टमध्ये टाकणं म्हणजे राखून ठेवणं नव्हेच, बऱ्याच साइटवर पेमेंट पार पडतं तेव्हाच नग स्टॉकमधून वजा होतो. कार्टमध्ये टाकताच राखून ठेवला तर लोक, आणि लोकांपेक्षा बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, हजारो कार्ट भरून नुसते बसून राहतील. म्हणून काही साइट मधला मार्ग काढतात, दहा मिनिटं राखून ठेवतो, तेवढ्यात पैसे भरा नाहीतर सोडा. तिकिटांना असतं ना तसं. आणि पानावर जे 'उपलब्ध' दिसतं ते खरं तर काही सेकंद जुनं असू शकतं, इतक्या लोकांना दर वेळी ताजा आकडा द्यायला गेलं तर सर्व्हर झोपेल, म्हणून एक कॉपी काढून ठेवतात आणि तीच सगळ्यांना दाखवतात. म्हणजे मी मनातल्या मनात ज्या पेनात शाई भरत होते ते कदाचित तेव्हाच दुसऱ्या कोणाचं तरी झालेलं होतं.

म्हटलं बरं, मग साडेदहापासून बसण्याचा काय फायदा. तर हसला! म्हणाला, जिथे ती वेटिंग रूम लावलेली असते, 'तुम्ही रांगेत आहात' म्हणणारी, तिथे सेल सुरू व्हायच्या आधी आलेल्या सगळ्यांना बहुतेक वेळा एकत्र पिसतात, पत्ते पिसावेत तसं, आणि मग नंबर देतात. साडेदहाला आलेली आणि अकराला दोन सेकंद कमी असताना आलेली, दोघी सारख्याच. हे ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. बरं ते अन्यायाचं नाही म्हणे, उलट न्यायाचं आहे, नाहीतर ज्याचं नेट फास्ट तोच जिंकेल. असेल. पण मग मला लवकर या कशाला सांगता?

बॉटचं तर विचारूच नका. बॉट पान उघडत नाही, फोटो बघत नाही, रंग कुठला घेऊ म्हणून अडत नाही, सरळ सर्व्हरला ऑर्डर पाठवतो, आणि एक नाही शंभर पाठवतो. हे नुसतं आमच्या पेनाचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेलर स्विफ्टच्या कॉन्सर्टची तिकिटं निघाली तेव्हा आधी नाव नोंदवलेले ३५ लाख लोक होते, आणि ती तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीनेच नंतर सांगितलं की त्या दिवशी सिस्टीमवर ३५० कोटी रिक्वेस्ट आल्या, त्यात बॉट भरपूर. एका दिवसात २० लाखांवर तिकिटं गेली तरी चिडलेले लोक त्याहून जास्त उरले, सगळ्यांसाठीचा सेल तर रद्दच केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. बॉटने तिकिटं उचलण्याविरुद्ध तिथे २०१६ पासून कायदा आहे, पण तो फक्त तिकिटांना. पेन, बूट, गेमचे कन्सोल, हे सगळं मोकळं रान.

मला म्हणाल तर एकच गोष्ट सांगायला हवी होती त्यांनी. किती पेनं आहेत. बास. पन्नास आहेत का पाच हजार? पन्नास असतील आणि वीस हजार लोक बसलेले असतील तर मी लॉटरीचं तिकीट काढल्यासारखी बसले असते, आठ दिवस शाया निवडत बसले नसते. पेनावर नंबर कोरताय म्हणजे आकडा तुमच्याकडे आहेच की! पण तो सांगितला तर निम्मे लोक यायचेच नाहीत, आणि मग त्या उलट्या घड्याळासमोर गर्दी कुठून आणणार. मी कस्टमर केअरला हे विचारलं, विनम्रपणे विचारलं, तर उत्तर आलं 'तुमच्या उत्साहाबद्दल आभारी आहोत'. उत्साह!

इकडे ग्रुपवर रात्री नवीनच निघालं. आमच्यातल्याच एकाला पेन मिळालं होतं. एक नाही, तीन. एका माणसाला एकच असा नियम होता, याने बायकोच्या आणि भावाच्या नावाने अकाउंट उघडून तिन्ही काढली. झालं, सगळे तुटून पडले त्याच्यावर, तुझ्यासारख्यांमुळेच, स्वार्थी, दलाल, काय काय. मीही दोन ओळी खरमरीत लिहिल्या. लिहिल्या आणि पाठवायच्या आधी बाजूला पडलेला नवऱ्याचा फोन दिसला, ज्यावर सकाळी त्याच्या नावाने उघडलेलं अकाउंट अजून चालूच होतं. आणि मुलीचा टॅब पण होता म्हणा. मुकाट्याने त्या दोन ओळी खोडल्या. माझं फसलं म्हणून मी साव, एवढाच फरक.

तो माणूस तसा वाईट नाही. सोमवारी त्याने लिहिलं की एक ठेवतो, एक भावाला हवंय, एक घेतलं त्याच किमतीत देतो, कोणाला हवंय. तेरा हात वर. मग चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. त्याने तेरा चिठ्ठ्या लिहिल्या, एकेक कॅमेऱ्यासमोर उघडून नाव दाखवलं, परत घड्या घातल्या, एका मोठ्या वाडग्यात टाकल्या, आणि त्याच्या धाकट्या मुलीने डोळे मिटून एक उचलली. सगळं व्हिडिओ कॉलवर, आम्ही तेराच्या तेरा छोट्या छोट्या चौकोनांत श्वास रोखून.

मला नाही लागली. ज्याला लागली त्याचा चौकोन आनंदाने हलायला लागला, त्याला चक्क उठून नाचावंसं वाटत होतं, आणि मी पण टाळ्या वाजवल्या, खऱ्या वाजवल्या. लॅपटॉप बंद करून झोपले तर लगेच झोप लागली, शनिवारी रात्री दोनपर्यंत जागी होते.

काल त्याने पेन हातात आल्यावर फोटो टाकला, कागदावर चार ओळी लिहून. सुंदर आहे. निब जरा जाड वाटते, पण सुंदर आहे.