लावलेली यादी पुन्हा लावताना

वेबपानावर साधा तक्ता होता, नाव आणि गुण. मथळ्यावर क्लिक केलं की त्या रकान्यानुसार ओळी लागायला हव्या होत्या. वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचं तयार सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारं फंक्शन, वापरलं, तर गुण आले १, १०, १००, २, २५, ९. तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर ते आकड्यांनाही अक्षरं समजून लावतं. वजाबाकी करून देणारं एका ओळीचं फंक्शन दिलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. पण मला खुमखुमी, सॉर्ट आपणच लिहायचं.

आधी क्विक सॉर्ट लिहिलं. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत: एक घटक पिव्हट धरायचा, त्याहून लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, मग दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. पिव्हट म्हणून मी बिनदिक्कत पहिला घटक घेतला. पंचवीस ओळींवर मस्त चाललं. मग २०,००० ओळी भरल्या. पहिल्या क्लिकला झटक्यात क्रम लागला. त्याच मथळ्यावर दुसरा क्लिक केला आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरं: मॅक्सिमम कॉल स्टॅक साइझ एक्सीडेड. म्हणजे अर्धवट राहिलेल्या फंक्शनच्या हाका नोंदवून ठेवायची जागा, स्टॅक, संपली.

लावलेलीच यादी लावताना प्रोग्राम कोसळतो? कागदावर १, २, ३, ४, ५ मांडलं तेव्हा उलगडलं. पहिला घटक सगळ्यांत लहान, त्यामुळे डावीकडे कुणीच नाही, उजवीकडे उरलेले सगळे. दर फेरीला यादी एकानंच कमी होते आणि फंक्शन स्वतःलाच हाका मारत हजारो पातळ्या खोल जातं. स्टॅक पुरला असता तरी तुलना २० कोटींच्या घरात गेल्या असत्या. मधला घटक पिव्हट केला, ते थांबलं.

मग दुसरं दुखणं निघालं. आधी नावानं आणि मग गुणांनी लावलं की सारख्या गुणांच्या मुलांची नावं विस्कटायची. क्विक सॉर्ट लांबलांबच्या घटकांची अदलाबदल करतं, त्यात बरोबरीतल्यांचा आधीचा क्रम टिकत नाही. म्हणून मर्ज सॉर्टकडे वळलो. यादी अर्धी-अर्धी करत जायची आणि लागलेले भाग एकत्र विणायचे. २०,००० ओळींना खोली पंधराच्या आसपास.

विणण्यातच दोनदा आपटलो. डावीकडे ३, ७, ९ आणि उजवीकडे २, ५. निकालात २, ३, ५ आले आणि ७, ९ गायब! उजवा भाग संपताच लूप थांबत होता. डावीकडचं उरलेलं जोडायचं मी विसरलो होतो. ते जोडलं, तर सारख्या गुणांची नावं चक्क उलट्या क्रमानं. विस्कटलेली नव्हेत, बरोब्बर उलटी, आणि तोच धागा ठरला. डावा घटक उजव्याहून लहान असेल तरच मी आधी घेत होतो, त्यामुळे बरोबरी झाली की दर वेळी उजव्याचा नंबर आधी. ‘लहान किंवा समान’ केलं. एका बरोबरच्या चिन्हापायी अख्खी संध्याकाळ गेली होती.

नंतर वाचलं तर क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्हीएट (V8) इंजिनातही २०१८ पर्यंत मोठ्या यादीला क्विक सॉर्टच होतं. मग मर्ज सॉर्टच्या कुळातलं टिमसॉर्ट आलं. २०१९ पासून भाषेच्या मानकातच बरोबरीचा क्रम टिकवणं सक्तीचं झालं. तेव्हा पानावर आता तयार सॉर्टच आहे, वजाबाकीच्या फंक्शनसकट. फक्त नावांच्या रकान्यात क्षमा अजून ख च्या आधी येते, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष.