देलाक्रवाच्या वह्या

फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रवाची चित्रं भव्य आहेतच, पण माझा जीव त्याच्या प्रवासातल्या वह्यांवर. १८३२ साली तो फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. तिथे तैलरंग मांडून बसायला सवड कुठली! मग घाईघाईत रेखाटन, थोडासा जलरंग, आणि शेजारी शब्दांत टिपलेले रंग. प्रवास काही महिन्यांचाच. पण १८६३ मध्ये वारला तोपर्यंत तो उत्तर आफ्रिकेचे विषय रंगवत राहिला. वाटेत अल्जिअर्सला थांबला, त्यातून १८३४ चं ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ आलं. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मुलांना घेऊन बसतो तेव्हा मी हेच करायला लावतो. होडी नीट जमली नाही तरी चालेल, पण ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपाचा रंग शब्दांत लिहा. एकीने लिहिलं, ‘ओल्या काजूच्या सालीसारखा’. किती नेमकं!

प्रवासातून वस्तू जमवणाऱ्या संग्राहकांत मला एमिल गिमे मोठा वाटतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरातला हा कारखानदार १८७६ मध्ये आशियाच्या प्रवासाला निघाला, जपान, चीन, भारत फिरला. तिथले धर्म समजून घ्यायचे म्हणून त्याने मूर्ती आणि ग्रंथ जमवले, सोबत चित्रकार फेलिक्स रेगामे. पॅरिसमधलं त्याचं संग्रहालय १८८९ मध्ये उघडलं आणि आजही चालू आहे.