पिल्लू आणण्याआधी आजींना कोणी विचारलं नव्हतं

सोमवारी सकाळी साडेनऊला टॉवेलात गुंडाळलेलं लॅब्राडोरचं पिल्लू दवाखान्यात आलं. वजन २.८ किलो, ताप १०३.४, हिरड्या फिक्या आणि कोरड्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. टॉवेल उघडण्याआधीच वास आला होता. पार्व्हो म्हणजे पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा विषाणू; त्याचा वास एकदा नाकात बसला की पुढची तपासणी म्हणजे नुसती खातरजमा असते.

"कालपासून जरा जुलाब होतायत," पिल्लू ज्या मुलीसाठी आणलं होतं तिचे वडील म्हणाले. मागे उभ्या असलेल्या आजींनी काही न बोलता कॅलेंडरचं फाडलेलं पान माझ्यासमोर धरलं. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं होतं: शनिवारी रात्री ८, खाल्लं नाही. रविवारी पहाटे ४, पिवळी उलटी. मग ६.१०, ७.३०. दिवसभरात उलट्या ९, जुलाब ६, शेवटचे दोन लाल. अशी नोंद क्वचितच हाती येते. पाणी किती गेलंय याचा अंदाज मला त्या कागदावरूनच बांधता आला.

विष्ठेच्या नमुन्यावर किट लावलं, दहा मिनिटांत दोन रेषा उमटल्या. रक्तात पांढऱ्या पेशी १,९००. या वयात त्या सहा हजारांच्या वर हव्यात. साखर ४८. पार्व्होच्या लहान पिल्लांच्या बाबतीत आधी बघायची ती साखर, कारण पिल्लू मान टाकतं ते पुष्कळदा विषाणूपेक्षा साखर उतरल्यामुळे. पायाच्या शिरेत २४ नंबरची सुई लावली आणि २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज साडेपाच मिली, तेवढंच सलाईन मिसळून, अगदी सावकाश दिलं. पंधरा मिनिटांनी पिल्लाने डोळे उघडले.

सलाईनचा हिशेब सोपा असतो, फक्त तो कागदावर करावा लागतो. शरीरातलं आठ टक्के पाणी गेलंय असं धरलं तर २.८ किलोला २२४ मिली तूट. रोजची गरज, पिल्लांना किलोमागे साधारण १०० मिली, म्हणजे २८०. शिवाय उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. चोवीस तासांत पाचशे मिलीच्या वर. "घरी ओआरएस पाजलं होतं," असं वडील सांगत होते. पाजलं असेल, पण नऊ उलट्यांत ते राहिलं किती? आणखी एक गोष्ट विचारल्यावर कळली. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने माणसांची जुलाब थांबवायची अर्धी गोळी दिली होती. ती आतड्याची हालचाल मंदावते आणि जी घाण बाहेर पडायला हवी ती आतच अडकते. त्यातून पावणेतीन किलोच्या जिवाला अर्धी गोळी म्हणजे फारच झालं.

मग लसीचं कार्ड मागितलं. विकणाऱ्याने छान रंगीत पुस्तिका दिली होती. "दोन डोस पूर्ण" असा शिक्का, तारखा, खाली वाचता न येणारी सही. पण लसीच्या बाटलीवरचं, बॅच क्रमांक असलेलं स्टिकर एकही नव्हतं. लस टोचली की ते स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात. ते नसेल तर डोस झालाच नाही असं मी धरते. कार्डावर विक्रीच्या दिवशीचं वय ४५ दिवस होतं. मी तोंड उघडून पाहिलं. पुढचे दुधाचे दात नुकते वर आलेले, मागच्या दाढांची जेमतेम टोकं. दुधाचे सगळे २८ दात यायला साधारण आठ आठवडे लागतात. हे पिल्लू घरी येऊन आठवडा होत आला होता, तरी फार तर सहा आठवड्यांचं. म्हणजे विकलं तेव्हा पाच आठवड्यांचं. आणि कार्डावरचे ४५ दिवस खरे मानले तरी विक्री बेकायदा ठरते. २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकणाऱ्याची नोंदणी लागते आणि पिल्लाला कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असावी लागते. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. बाजारात मात्र '४५ दिवसांचं पिल्लू' हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की तीच गुन्ह्याची कबुली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरे दोन डोस झाले असते तरी भरवसा नव्हता. आईच्या चिकाच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) पिल्लाच्या अंगात असतात, तोवर ती लसीलाही निकामी करतात. ती कुठल्या पिल्लात कधी संपतील ते बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. मधलाच एखादा डोस देऊन "झालं लसीकरण" म्हणणारे पुष्कळ असतात.

कार्ड परत देताना आजी म्हणाल्या, "आधीच्याचंही असंच कार्ड होतं."

आधीचं? मग कळलं. एप्रिलमध्ये या घरात असंच एक पिल्लू चार दिवसांत गेलं होतं. नातीने जेवण सोडलं, म्हणून ऑगस्टमध्ये तिच्या नवव्या वाढदिवसाला हे आणलं. बारा हजारांना. त्याच गादीवर निजवलं, त्याच वाटीत खायला दिलं.

"घर पुसलं होतं ना?"

"रोज दोनदा. फिनाईलने."

पार्व्हो फिनाईलला दाद देत नाही. सॅनिटायझरलाही नाही. त्याला मारतं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. त्याआधी साबणाने घाण पूर्ण काढायची, कारण मळ असला की ब्लीचचा जोर त्यावरच खर्ची पडतो. आणि फिनाईल किंवा संडासचं ॲसिड त्यात मुळीच मिसळायचं नाही, ॲसिडमुळे विषारी वायू सुटतो. गादी, चटई, कापडी खेळणी धुवत बसण्यापेक्षा टाकून द्यावीत.

मला खटकली ती बाल्कनी. आधीचं पिल्लू शू-शी तुळशीशेजारच्या मोठ्या कुंडीत करायचं, आणि हेही तिथेच जात होतं. सावलीतल्या मातीत हा विषाणू सात महिन्यांपर्यंत तग धरतो. मातीवर ब्लीच ओतून उपयोग नसतो. एप्रिल ते ऑगस्ट, चार महिने. लागण विकणाऱ्याकडून आली की कुंडीतून, ते सांगता येणार नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही लागतात, आणि पिल्लू घरात येऊन झाले होते सहा दिवस. दोन्ही शक्यता बसतात. वडिलांना विकणाऱ्याकडे जाऊन भांडायचं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण पिल्लू मेल्यावर घरात दुसरं पिल्लू कधी आणायचं, आणायचं तर सोळा आठवड्यांची लस पूर्ण झालेलं की नाही, हे त्यांनी एप्रिलमध्ये कोणालाच विचारलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. मंगळवारी पेशी आणखी उतरल्या. उलटीसाठी ओंडान्सेट्रॉन आणि प्रतिजैविक चालू होतं, दर चार तासांनी साखर तपासत होतो. पूर्वी उलटी थांबेपर्यंत पोट रिकामं ठेवत. आता तसं करत नाही. उलटी थोडी आटोक्यात आली की नाकातून बारीक नळी घालून तासाला दोन-तीन मिली पातळ खाणं सुरू करायचं, आतड्याचं अस्तर लवकर भरून येतं. पोट मात्र रोज हाताने चाचपायचं. आतडं आतड्यात शिरलं तर सॉसेजसारखी गाठ लागते, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. गुरुवारी पेशी ४,२०० झाल्या. शुक्रवारी पिल्लाने नळी स्वतःच उपटली आणि वाटीतलं चाटून खाल्लं.

शनिवारी आई-वडील दोघेही आले. बिल १९,४०० झालं होतं. पैसे देताना वडिलांनी विचारलं, आता पुढे काय काळजी घ्यायची? मी उलट विचारलं, दिवसभर घरी कोण असतं?

दोघांची नोकरी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मुलगी शाळेत. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजींचे गुडघे त्यांच्या चालण्यातच दिसत होते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीची हौस, आई-वडिलांचा निर्णय आणि कष्ट मात्र ज्यांना विचारलंच नाही त्यांचे. हे पिल्लू वर्षभरात तीस किलोच्या आसपास जाईल. दिवसाला तीन-साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं, महिन्याला दहा किलो. ते दहा-बारा वर्षं जगेल, म्हणजे मुलगी विशीत शिकायला बाहेर असेल तेव्हा म्हातारं कुत्रं जिने चढवायला कोण असेल? गणपतीला सगळे कोकणात जातात तेव्हा ते कुठे राहील? "सोसायटी परवानगी देईल का" ही त्यांची चिंता मला सगळ्यात कमी महत्त्वाची वाटली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढावा लागतो, आणि त्यासाठी रेबीजची लस.

आई हळूच म्हणाल्या, "नाहीच जमलं तर...?" तो प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा सांगितल्यावर लोक हसतात, त्यामुळे मी तो सहसा सांगत नाही. नाही जमलं तर आठ दिवसांत मला सांगा, चांगलं घर शोधू, वर्षभराने सांगू नका, एवढं म्हटलं.

घरी सोडण्याआधी पिल्लाला आंघोळ घातली, कारण विषाणू केसांवरही असतो. पुढचे दोन आठवडे ते विष्ठेतून विषाणू पसरवत राहील, तेव्हा खालच्या अंगणात न्यायचं नाही, तिथे दुसरी पिल्लं खेळतात. पार्व्होपासून आता ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण डिस्टेंपरसारख्या बाकीच्या आजारांपासून नाही. तीन आठवड्यांनी पहिला डोस, रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर.

आजींनी पिशवीतून कॅलेंडर काढलं, या वेळी अख्खं. तारखा लिहून घेतल्या. मग मुलाकडे पेन्सिल देऊन म्हणाल्या, "सकाळचं फिरवणं कोणाचं, ते तू तुझ्या हाताने लिही. कुंडी मी काल उचलायला लावली."