जानापावचा चढ आणि सीटचं नाक

इंदूरच्या सायकलवाल्याला चढाची सवय नसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. सुपर कॉरिडॉरवर तासभर एकाच गिअरमध्ये पायडल मारत राहिलं तरी चालतं, असं हे माळव्याचं पठार. चढ हवा तर विंध्याच्या कडेला जावं लागतं. त्यातही जाम गेट घाटाचा मामला उलटा: मंडलेश्वरकडे सुसाट उतरून जायचं आणि पाय थकले की तोच घाट चढून परत यायचं. म्हणून भाच्याची नवी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, चढावर न्यायची ठरली तेव्हा मी जानापावचा डोंगर निवडला. आधी चढ, मग उतार.

अंधारातच राऊ ओलांडलं. महूला पोहे-जिलेबीच्या गाड्या लागल्या होत्या.

"मामा, आणखी एक प्लेट?"

"वर जाऊन खा. चढावर छाती हँडलपर्यंत वाकवायचीय, पोट मध्ये यायला नको."

मानपूरकडे जाणारा हायवे सोडून आत वळलो. डोंगरावर देवळापर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही बाजूची कच्ची वाट धरली. जानेवारीतली ही वाट फार लबाड असते. खाली सुटा काळा दगड आणि वर सागाची ताटाएवढी वाळकी पानं. कुठला दगड हलतोय ते चाक चढल्यावरच कळतं.

पहिल्याच खड्या टप्प्यावर भाच्याचं पुढचं चाक उचललं गेलं. तो सीटवरून उठून पुढे झुकला, तर मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि पानं उडाली. तेवीस वर्षांचा पोरगा, जिमला जाणारा. ताकद कमी पडली असं कोण म्हणेल? सगळा खेळ वजनाचा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मागे कललेला असतो, चढावर तो आणखी कलतो आणि बसणाऱ्याचा भार मागच्या चाकाच्या एक्सलवर, म्हणजे आसावर, जाऊ लागतो. मग हँडल ओढलं की पुढचं चाक वर आलंच. आणि उभं राहिलं की मागच्या टायरवरचा दाब जातो. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, आणि ती सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर आहे.

वाटेच्या कडेला सायकल टेकवली, ॲलन की काढली. त्याची सीट फारच खाली होती. का, तर पलासियाच्या सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत! टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा जेमतेम सरळ व्हावा, एवढी सीट वर घेतली. पंजा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. मग सीट तिच्या खालच्या रेल्सवर, म्हणजे दोन सळ्यांवर, एक सेंटिमीटर पुढे सरकवली आणि नाक किंचित, अगदी किंचित खाली केलं. जास्त केलं तर अंग घसरून सगळा भार मनगटांवर येतो. सीट पुढे नेण्यालाही मर्यादा आहे, नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

हँडल धरून ठेवणारा जोड म्हणजे स्टेम; त्याच्याखालची एक कडी, स्पेसर, काढून स्टेमच्या वर घातली, हँडल तेवढं खाली आलं. इथे घाई नको: आवळताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग हँडल सरळ करून स्टेमच्या बाजूचे बोल्ट. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. खडखड लागली तर बोल्ट सोडून पुन्हा पहिल्यापासून. दुकानात टायर दगडासारखे टणक भरून दिले होते, त्यातली थोडी हवा सोडली. फार नाही, आत ट्यूब आहे, दगडावर चेपली तर पंक्चर.

बाकीचं अंगानं करायचं. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा. जोर पडल्यावर बदलला तर चेन कडकडते. बूड सीटच्या नाकावर, छाती खाली, कोपरं बाहेर न फाकवता खाली-मागे, म्हणजे हँडल दाबलं जातं. नजर चाकापुढच्या दगडावर नाही, चार-पाच हात पुढे. आणि पायडल गोल फिरवायचं, हबके मारायचे नाहीत.

मधेच थांबलं तर पुन्हा निघणं अवघड. त्यासाठी सायकल वाटेला आडवी करायची, चढाकडचा पाय जमिनीवर, दुसरं पायडल वर घेऊन मागचा ब्रेक धरायचा आणि पायडल दाबतानाच ब्रेक सोडायचा. भाच्याला हे जमायला वेळ लागला, पण तो टप्पा तो बसूनच चढला. "मामा, सायकल बदलल्यासारखी वाटतेय यार!" नवा लांब स्टेम घ्यायचा त्याचा विचार होता, तो तिथेच रद्द झाला. पैसे वाचले.

वर परशुरामांचं जन्मस्थान मानतात, कुंड आहे. चंबळ इथूनच निघते आणि यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळते. दक्षिण उतारावरचं पाणी मात्र नर्मदेतून थेट अरबी समुद्राला. कुंडाशी बसून भाच्यानं उरलेली शेव संपवली.

उतरताना सीट दोन इंच खाली घेतली. त्याआधी सीटपोस्टवर चढाच्या उंचीला काळी टेप गुंडाळून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा टाच लावून मोजायला नको.